काजळीचा चौथा हात

गुरुवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी वैजयंताच्या दिव्यातल्या कार्बनने ताटलीवर बसायला नकार दिला, आणि तसं तोंडावर सांगितलंही.

घरात बारसं होतं. अकराला लेकीला पाळण्यात घालायचं होतं. एरंडेलाच्या दिव्यावर पितळेची ताटली पालथी घालायची, धरलेल्या काजळीत तूप कालवायचं आणि बाळाच्या गालाला तीट लावायची, एवढं एकच काम सासूबाईंनी तिच्यावर सोपवलं होतं. तीट लावल्याशिवाय त्या घरात पोर पाळण्यात जात नसे. पण बाळाला धूर लागेल या धसक्याने वैजयंताने खिडकी सताड उघडली आणि ताटली दोन वाट्यांऐवजी दोन उंच डब्यांवर ठेवली. ताटली लख्खच्या लख्ख.

"तुम्ही वारा सोडलात, बाई," कार्बन ज्योतीतून म्हणाला. आवाज पंचायतीतल्या कारकुनासारखा. "मला हात चार. मोकळा हात मला चालत नाही. दोन ऑक्सिजन आले, दोघांनी दोन-दोन हात धरले, आम्ही निघालो खिडकीतून."

"मला ठाऊक नव्हतं हो. माझी शाळा सातवीत सुटली."

"तो धडा पुढे येतो. म्हणजे तुमची चूक धरता येत नाही."

वैजयंताने खिडकी ओढून घेतली, ताटली वाट्यांवर आणली. ज्योत पिवळी झाली.

"आता बसा की!"

"ताटलीवर आम्ही एकमेकांचे हात धरून बसतो. पण गालावर बसायचं तर हात घरच्यांनी धरायचे. चार नावं द्या."

"पहिली लेकच."

"तिला धरता येतं?"

"बोट दिलं की सोडतच नाही."

"ठीक. दुसरं?"

"मी."

"तिसरा माझा लिही म्हणावं," दारातून सासूबाई मनकर्णाबाई म्हणाल्या. "आन् लवकर आटप म्हणावं त्याला. पाव्हणे यायलेत."

"चौथं?"

वैजयंताने नवऱ्याचं नाव सांगितलं. लिंबराज डांबरी रस्त्याच्या कामावर होता, तीन जिल्हे पलीकडे, घाटात. तिथे फोन लागत नव्हता. त्याने लेक अजून पाहिली नव्हती.

"गैरहजर माणसाचा हात लिहिता येत नाही," कार्बन म्हणाला.

साडेनऊ झाले. पाळण्याला फुलं बांधून झाली होती. वैजयंता डोळे पुसत सासूबाईंकडे वळली.

"आत्याबाई, आता काय करू?"

"रडू नको. इचार त्याला, एकाच माणसानं दोन धरले तर चालतंय का."

कार्बनने हात मोजले. "चालतं. दुहेरी बंध म्हणतात त्याला. पण ताण येतो, बाई."

"ताण आत्ताही आहेच."

"आणि तो कायमचा नसतो. नवं कुणी जोडायला आलं की त्यातली एक पकड सुटते आणि त्याला जागा होते. तेव्हा अडवायचं नाही."

"अडवीन कशाला? ह्यांच्यासाठीच तर मी दुसरा हात धरायचा."

दहा वाजेपर्यंत ताटली काळीभोर झाली. लेकीच्या गालावर तीट बसली, अकराला नाव ठेवलं, मैना. एका बाईने वैजयंताला घुगऱ्या वाटायला हाक मारली. "माझे दोन्ही हात गुंतलेत," ती म्हणाली. "बरं," म्हणून बाई बसली. सासूबाईंनी उरलेल्या एका हाताने घुगऱ्या वाटल्या.

तीट अजून पुसलेली नाही. डांबरात कार्बनचे नातेवाईक पुष्कळ, लांबच लांब साखळ्या करून राहतात. त्यांच्याकडे त्याने लिंबराजसाठी निरोप दिला आहे. पण ते लोक अंगाने जड, त्यांना हलायला वेळ लागतो.

म्हणून तुमची गाडी कधी घाटातल्या नव्या रस्त्याने गेली आणि रोलरमागे डोक्याला हिरवा टॉवेल गुंडाळलेला माणूस दिसला, तर जरा थांबा. त्याला सांगा, पोरीचं नाव मैना ठेवलं, ती बोट घट्ट धरते, आणि तुझ्या वाटणीचा हात बायकोने धरून ठेवलाय. तू दारात आलास की सोडेल. तुम्ही त्या वाटेला जाणार नसाल, तर जाणाऱ्याला सांगा.