शिर्केकाका आणि सैल डाय

शिर्केकाकांच्या हातावर सुटे पैसे ठेवले की भाजीवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळायचा. काका खिशातून भिंग काढून प्रत्येक नाणं तपासत. खोटं आहे का, हे बघायला नव्हे. अक्षर दुहेरी उमटलंय का, हे बघायला. वाशीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्यामुळे त्यांना फार मान होता. ते बाजारात दिसले की लोक लांबूनच वाट सोडत.

काका टाकसाळीत फिटर होते. नाण्याचा ठसा, म्हणजे त्यांच्या भाषेत डाय, मशीनमध्ये आवळून बसवणं हे त्यांचं काम. रिटायर व्हायच्या वर्षी एक डाय सैल राहिली, नाण्यांवर अक्षरं दुहेरी उमटली, आणि काकांना निष्काळजीपणाचा मेमो मिळाला. सैल आपला हात नव्हता, मशीन होतं, हे सिद्ध करायला काका थेट कंपनी सरकारच्या काळात शिरले. मशीनवर पाडलेले सुरुवातीचे तांब्याचे पाव आणे त्यांनी जमवले.

"हे बघ, ग्रॅज्युएट. दाब बसला, डाय केसभर सरकली, अक्षराच्या कडेला पायरी पडली. मशीन कोरं करकरीत होतं. तेव्हा कुठं होता हा शिर्के?"

पावणेदोनशे वर्षांपूर्वी आपण जन्मलो नव्हतो, हा पुरावा बिनतोडच होता.

आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. गावच्या मास्तरांच्या उपकाराने मला इंग्रजी अर्ज लिहिता येतो. त्या उपकाराची फेड मी दर रविवारी सकाळी करत असे. मेमो मागे घ्यावा, म्हणून काका आमच्या घरी येऊन सांगत आणि मी टाकसाळीला लिहीत असे.

"जरा कडक लिही. कॉलेजात हेच शिकवलं काय?"

सहा वर्षांनी उत्तर आलं. जुन्या फायली नियमाप्रमाणे नष्ट केल्या आहेत; संबंधित मेमो आता अस्तित्वात नाही. मी आनंदाने ते मराठीत सांगितलं. "सुटलात, काका."

काकांनी कागद माझ्या हातातून घेतला. "म्हणजे माझी चूक नव्हती, हे आता कुणीच लिहून देणार नाही."

"नव्हतीच तुमची चूक."

"तू कोण? तू होतास टाकसाळीत?"

काकांनी पत्राची घडी केली, दारात जाऊन चपला घातल्या आणि तिथेच उभे राहिले.

"रविवारी काही काम नसतं मला," ते म्हणाले. "असाच आलो तर चालेल?"