ट्रंपेटवाल्यानं श्वास धरला

रशीदभाई तांबोळी मंगळवारी वारले. बुधवारी चिंचवड स्टेशनाजवळचा त्यांचा स्टुडिओ उघडला नाही.

आमच्या भागातल्या बहुतेक नवरा-नवरींना रशीदभाईंनी त्या स्टुडिओतल्या एकाच खुर्चीवर बसवलं होतं. ते हनुवटी सरळ करत आणि म्हणत, "श्वास धरा." माणूस घाबरून असा श्वास धरी, की फोटोत नवरदेव आणि सासरा सारखेच रागावलेले दिसत.

हाच माणूस दर शनिवारी कॅमेरा सतरंजीत गुंडाळून सायकलवरून खडकीच्या एका क्लबात जाई. तिथे गोव्याच्या मंडळींचा जाझ बँड वाजे आणि रेल्वेतली जोडपी स्विंग नावाचा गिरक्यांचा नाच करत. पहिल्याच शनिवारी ऐन रंगात रशीदभाईंनी सवयीनं हुकूम सोडला, "श्वास धरा." ट्रंपेट वाजवणारा कायतान आज्ञाधारक. त्यानं धरला. बँड अडखळला आणि एक जोडपं ड्रमवर जाऊन बसलं.

"चूक माझी हाय मास्तर," ते मला दुसऱ्या दिवशी म्हणाले. "पण एवढा ऐकणारा माणूस लग्नाच्या फोटोला बी मिळत न्हाई."

पुढे ते कानात कापूस घालून क्लबात जाऊ लागले. लोक हसत, गाणं सोसत नाही तर येतो कशाला, म्हणत. खरं कारण शेजारी म्हणून मला ठाऊक होतं. त्यांच्या पत्नी हमीदाभाभी यांना लग्नानंतर विषमज्वरात ऐकू येईनासं झालं होतं. त्यांना बँड नुसत्या डोळ्यांनी कळावा, असा फोटो रशीदभाईंना हवा होता. "कॅमेऱ्याला कान न्हाई, हिला न्हाई, मग मलाच कशाला?" असा त्यांचा हिशेब. प्रत्येक फोटो आधी भाभींपुढे जाई. भाभी पाहत आणि परत देत. "माणसं उभी हायेत," एवढंच म्हणत.

मग कायतान मुंबईला निघाला. क्लबला भिंतीसाठी त्याचा फोटो हवा होता आणि रशीदभाईंना घरासाठी. हाच शेवटचा शनिवार. एरवी जोडपं गिरकीच्या टोकाला जरा थबकलं की ते खटका दाबत. या वेळी त्यांनी गिरकी चालू असतानाच शटर उघडलं आणि थोडं उघडंच ठेवलं.

कायतानचे फुगलेले गाल लख्ख आले. बाईचा झगा चाकासारखा पसरला. जोडप्याची तोंडं मात्र पुसली गेली. क्लबच्या सेक्रेटरींनी फोटो परत केला आणि पेन्सिलीनं नाक-डोळे रेखून द्यायला सांगितलं. हे काम रशीदभाईंइतकं सफाईनं पंचक्रोशीत कुणाला येत नव्हतं.

"तोंडं पाहिजेत तर स्टुडिओत या," ते म्हणाले. "खुर्ची हाय."

फोटो घरी आला, तेव्हा मी तिथंच होतो. भाभींनी तो मांडीवर घेतला. बराच वेळ पाहिला. मग त्यांची बोटं गुडघ्यावर हलू लागली. रशीदभाई फोटोकडे पाहतच नव्हते. ते त्या बोटांकडे पाहत होते आणि पावलानं बँडचा ठेका धरून ताडून बघत होते.

"बरोबर चाललीय," ते मला म्हणाले. इतक्या ऐटीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

क्लबच्या भिंतीवर दुसऱ्या कुणी काढलेला फोटो आहे. स्टुडिओला कुलूप आहे. रशीदभाईंनी काढलेला तो फोटो भाभींच्या खोलीत, खिडकीसमोर आहे.