रस्ता नसल्याचा दाखला

विमा कंपनीच्या दावे नामंजूर करण्याच्या विभागातले उपव्यवस्थापक रोज सकाळी आपल्या दणकट, उंच गाडीतून कार्यालयात जात आणि संध्याकाळी त्याच गाडीतून घरी परत येत. ही गाडी नदी, वाळवंट, चिखल आणि खडकाळ डोंगर लीलया पार करते, असे तिच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेले होते. उपव्यवस्थापकांनी तिला आजवर फक्त कार्यालयाच्या फाटकापाशी असलेला गतिरोधक पार करायला लावले होते, आणि तोही तिरपा, म्हणजे खालून काही लागू नये.

गाडी घेतली होती ती आईच्या गुडघ्यांसाठी. आईला दर आठवड्याला व्यायामोपचारासाठी दवाखान्यात न्यावे लागे. छोट्या गाडीत शिरताना ती कळवळायची. या गाडीत मात्र नुसते टेकले की बसले, असे होते. आई खूश होती, बायको खूश होती, आणि दावे नामंजूर करून दमलेले उपव्यवस्थापकही घरी आले की एकदा गाडीकडे पाहून मगच जिना चढायचे.

हे सुख वरच्या मजल्यावरच्या कर सल्लागारांना बघवले नाही, असे म्हणता येणार नाही. त्यांनी फक्त तशीच गाडी घेतली आणि तिला मोठे टायर लावले. तळघरात दोन्ही गाड्या शेजारीशेजारी लागल्या तेव्हा उपव्यवस्थापकांना आपली गाडी प्रथमच बसल्यासारखी वाटली. सल्लागारांची उभी होती.

त्या रात्री ते जेवणात मीठ मागायलाही विसरले. बायको शाळेत भूगोल शिकवायची. सल्लागारांना डोंगरावर जायचं असतं का, असे तिने सहज विचारले.

"प्रश्न जाण्याचा नाही," उपव्यवस्थापक गंभीरपणे म्हणाले. "जाता येण्याचा आहे."

टायरवाल्याने त्यांची चौकशी डॉक्टरने करावी तशी केली. गाडीचा वापर कसा आहे, असे त्याने विचारले. उपव्यवस्थापक म्हणाले, मिश्र. चिखल लागतो का? प्रसंगी. खडक? उपव्यवस्थापकांनी दूरवर पाहिले. टायरवाल्याने समजून मान हलवली आणि आतून तेहतीस इंची टायर गडगडवत आणले. त्यांच्यावर मुठीएवढ्या गाठी होत्या. त्यांना साजेशा काळ्याकुट्ट रिमही आल्या. हे लावल्यावर तुम्ही आयुष्यात कुठे अडकणार नाही, अशी हमी त्याने दिली.

दुकानातून बाहेर पडून डावीकडे वळताना चाक आतल्या बाजूने करकरत घासले आणि गाडी अडकली. उजवीकडे वळताना तसे होत नव्हते. त्यामुळे काही दिवस उपव्यवस्थापक फक्त उजवीकडे वळत राहिले. डावीकडच्या दवाखान्यात जायला ते शहराला प्रदक्षिणा घालत. मागच्या काचेतून आपलीच इमारत तिसऱ्यांदा गेलेली पाहून आईने विचारले, "अरे, आपण निघालोय की पोचलोय?"

टायरवाल्याचे म्हणणे पडले की दोष टायरचा नसून गाडीचा आहे, ती टायरच्या मानाने बुटकी आहे. त्याने गाडी उचलून घेतली, म्हणजे तिच्या स्प्रिंगांखाली जाड ठोकळे बसवले. आता चाके दोन्हीकडे वळू लागली. पण तळघराच्या तोंडाशी छताची आडवी तुळई होती आणि गाडीचा टप तिला वरचढ ठरला. गाडी बाहेर रस्त्यावर राहू लागली. जादाचे चाक मागच्या दारावर मावेना, म्हणून ते मागच्या सीटवर आईच्या शेजारी पट्टा लावून बसवण्यात आले. आईने त्याला नीट न्याहाळले आणि हे कोणाकडचे, असे सुनेला विचारले.

आईचे बसणे मात्र कठीण झाले. टेकले की बसले, ते दिवस गेले. स्वयंपाकघरातले स्टूल आणले गेले. आई स्टुलावर चढायची, तिला उपव्यवस्थापक वरून ओढायचे आणि बायको खालून ढकलायची. मग सगळे आत बसल्यावर स्टूल खालीच आहे हे लक्षात यायचे. त्यावर उपाय म्हणून स्टुलाला दोरी बांधण्यात आली. विहिरीतून बादली काढावी तसे उपव्यवस्थापक ते ओढून घ्यायचे. गाडी सुरू झाली की टायर असे घुमायचे की बोलणे अशक्य व्हायचे. आई खुणा करू लागली. त्यातल्या काही खुणा उपव्यवस्थापकांनी जाणूनबुजून समजून घेतल्या नाहीत.

या सगळ्यावर वाहतूक पोलिसाने बोट ठेवले. गाडी वेगात जात असल्याचे त्याचे म्हणणे होते आणि काटा तर मर्यादेच्या आत होता. तिथे गप्प बसले असते तर प्रकरण मिटले असते. पण विषय टायरचा निघाला आणि उपव्यवस्थापकांना राहवले नाही. चाक मोठे झाले की एका फेऱ्यात जास्त अंतर कापले जाते, त्यामुळे काटा नेहमीच कमी वेग दाखवतो, हे त्यांनी पोलिसाला खाली उतरून, हातवारे करून, अभिमानाने समजावून सांगितले. पोलिसाने शांतपणे ऐकून घेतले, आभार मानले आणि त्यांना परिवहन कार्यालयात धाडले.

तिथल्या अधिकाऱ्याने गाडीला मोजफीत लावली, कागद पाहिला आणि ही गाडी आपल्याकडे नोंदलेलीच नाही असे सांगितले.

"हीच ती," उपव्यवस्थापक म्हणाले.

"ती याहून बुटकी आहे. ती सापडली की घेऊन या."

मग त्याने खाली वाकून टायरच्या कडेवरची बारीक अक्षरे वाचली. टायर फक्त रस्त्याबाहेरच्या वापरासाठी होते. त्यानुसार हुकूम निघाला: सदर वाहन रस्ता सोडून कोठेही चालवण्यास मुभा आहे.

जुने टायर माळ्यावर होतेच. ते लावून टाका, आईंचे हाल थांबतील, असे बायकोने सांगितले.

"लोक काय म्हणतील?"

"काय म्हणणार? म्हणतील, बसली एकदाची."

हा शब्द तिने वापरायला नको होता. उपव्यवस्थापक खोलीत गेले आणि हुकूम पुन्हा वाचू लागले. आयुष्यभर त्यांनी कलमांच्या फटीतून लोकांचे दावे बाहेर काढले होते. आता त्यांना अशी फट दिसली की तिच्यातून तेहतीस इंची टायर सहज जावेत. गाडी बदलायची काही गरज नव्हती. आपल्या घरासमोर रस्ता नाही, एवढेच सिद्ध करायचे होते.

त्यांनी तसा अर्ज केला आणि रस्ते विभागाचे अभियंते पाहणीला आले. त्यांनी घरासमोरच्या पहिल्या खड्ड्यात काठी घातली. काठी राहिली, आणि तिच्यामागोमाग त्यांचा एक बूटही राहिला. सलग पृष्ठभाग असेल तर त्याला रस्ता म्हणावे, असे विभागाचे धोरण होते. तरीही अभियंत्यांना घाई करायची नव्हती. त्यांनी गल्लीतल्या रहिवाशांचे गेल्या कित्येक वर्षांचे तक्रार अर्ज मागवले. याला काय रस्ता म्हणायचं? हा रस्ता आहे का? रस्ता आहे तरी कुठे? खाली इमारतीतल्या सगळ्यांच्या सह्या होत्या, सोसायटीच्या सचिवांची तर प्रत्येक अर्जावर.

"रहिवाशांचं हे पूर्वीपासूनचंच म्हणणं आहे," अभियंते भारावून म्हणाले. "आम्हीच ऐकत नव्हतो."

दाखला मिळाला. उपव्यवस्थापकांनी तो चौकटीत बसवून गाडीच्या काचेवर लावला आणि ते कायदेशीरपणे गल्लीतून निघाले. गल्लीच्या पुढचे कोणी विचारले नाही.

गल्ली मात्र आता रस्त्यांच्या यादीत नव्हती. बस बंद झाली, कारण बस रस्त्यावरून जाते. झाडलोट थांबली, कारण रस्ता झाडायचा असतो, भूभाग नाही. दिवे काढून नेले गेले. डांबर मागायची तर सोयच उरली नाही. विभागाच्या वार्षिक अहवालात आमच्या एकाही रस्त्यावर काठी बुडेल असा खड्डा नाही असे छापून आले, आणि ते खरे होते. बायको चालत शाळेत जाऊ लागली. एके दिवशी तिने सातवीचा वर्गच गल्लीत आणला आणि पठार, खोरे, सरोवर हे सारे मुलांना एकाच फेरीत दाखवले. शाळेने तिचा सत्कार केला.

सचिव चिडून उपव्यवस्थापकांच्या दारात आले. पण येता येता त्यांची साधी गाडी सरोवरात बसली होती, त्यामुळे भांडण अर्धवट सोडून त्यांनी टायरवाल्याचा पत्ता विचारला. मग तळमजल्याने मोठे टायर घेतले, दुसऱ्या मजल्याने घेतले, समोरच्या इमारतीने घेतले. फक्त कर सल्लागारांची गाडी तळघरात होती तशीच राहिली. ते कार्यालयात शेजाऱ्याच्या गाडीत मागे बसून जायचे. त्यांच्या गाडीचे टायर घासतात का, हे त्यांना कधी कळलेच नव्हते, कारण ती कधी वळलीच नव्हती. रविवारी पुसण्यापुरती ती त्यांना पुरत होती.

गल्लीत सगळ्याच गाड्या उंच झाल्यावर उपव्यवस्थापकांना आपली गाडी पुन्हा बसल्यासारखी दिसू लागली. ते टायरवाल्याकडे गेले. या वेळी त्याने काहीच विचारले नाही. नांगरणीच्या मोठ्या यंत्राला लावतात तसले टायर त्याने चढवले, आणि गाडीचे दार नेमके उपव्यवस्थापकांच्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीला लागले. आईचा प्रश्न एका फटक्यात सुटला. ती गॅलरीतून पाऊल टाकायची ते थेट सीटवर. उपव्यवस्थापकांचे डोळे भरून आले. अडचण एकच होती, दवाखाना तळमजल्यावर होता. व्यायामोपचार करणाऱ्या बाई खालून ओरडून व्यायाम सांगायच्या आणि आई वर बसल्याबसल्या पाय हलवायची. तिला बरे वाटत असे. निदान खुणांवरून तरी तसे वाटायचे.

एका गल्लीत एवढे साधल्यावर विभागाने ही योजना सर्वत्र लागू करायचे ठरवले आहे. हरकती मागवणारी सूचना कार्यालयाच्या जिन्यामागे, केरसुण्या ठेवतात त्या बाजूला, रीतसर लावलेली आहे. अर्ज कोणालाच करावे लागणार नाहीत, जुन्या तक्रारी पुरेशा धरल्या जातील. तुम्हीही गाडी खड्ड्यात आपटली तेव्हा, याला काय रस्ता म्हणायचं, असे मोठ्याने म्हणाला होतात. तुमचे म्हणणे मान्य झाले आहे. आणि हे वाचताना तुम्ही हसलात, म्हणजे तुमची हरकत नाही, अशी नोंद घेण्यात आली आहे.