टप्प्यांचा माणूस

आमचे शेजारी वझलवारकाका दाढी दोन टप्प्यांत करतात. सकाळी डावा गाल, संध्याकाळी उजवा. दुपारी पाहुणा आला तर त्याला कोणत्या बाजूला बसवायचं, हे काकू ठरवतात.

"काका, एकदाच काहून नाही उरकत?" मी एकदा विचारलं.

"दम राखून ठेवावा लागतो, वसू. उद्या आहे न!"

जबलपूरच्या विजय नगरात त्यांच्या-आमच्या घरांत एकच भिंत, त्यामुळे हे 'उद्या आहे न' मला दिवसभर ऐकू येतं. फाटकाला अर्धा हिरवा रंग लावला, उरलेलं अर्धं दिवाळीपासून तसंच. खोव्याची जिलेबी आज अर्धी, उद्या अर्धी. भुताची गोष्ट सांगायला घेतील आणि भूत दारात आलं की "चलो, बाकी उद्या" म्हणून उठतील. अस्सा संताप येतो!

याचं मूळ सायकलमध्ये आहे. फॅक्टरीत लागल्यावरही काका सुट्ट्या टाकून शर्यतींना जायचे, पण फक्त टप्प्यांच्या. रोज एका गावाहून दुसऱ्या गावाला, असं आठवडाभर. शेवटी सगळ्या दिवसांच्या वेळेची बेरीज, ज्याची कमी तो पहिला. अशी एक मोठी शर्यत काकांनी मारली, आणि गंमत म्हणजे एकाही दिवशी ते पहिले नव्हते. रोज आपले तिसरे-चौथे! एका दिवसात सोक्षमोक्ष लागणाऱ्या शर्यतीत मात्र ते कधी उतरलेच नाहीत. उतरले असते तर जिंकले असते का, यावर कॉलनीत दोन पक्ष आहेत. मी 'छे, काही नाही' पक्षाची. विषय निघाला की काका उठून आत जातात.

गेल्या महिन्यात भर दुपारी भिंतीवर धडाधड थापा पडल्या. धावत गेले तर काकू पोट धरून जमिनीवर, आणि काका नुसते उभे. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हातारे, शुद्ध हिंदी बोलणारे. आतड्याला पीळ पडला होता.

"ऑपरेशन अभी करना होगा. हृदय दुर्बल है, संकट तो है."

"दवाई से नहीं होगा? थोड़ा आज, थोड़ा कल?" काका म्हणाले. एक गाल गुळगुळीत, दुसरा खरखरीत.

"कल तक नहीं रुक सकते. हम पूरी चेष्टा करेंगे."

काका ताडकन उठले. "चेष्टा? माझी बायको मरून राहिली, अन् तुम्ही चेष्टा करता?"

डॉक्टरांची कॉलर धरायचीच बाकी होती. सगळा जन्म जबलपुरात गेला, भाजीवाल्याशी भांडण हिंदीत, झोपेतलं बडबडणं हिंदीत. पण त्या क्षणी डोक्यात घरची भाषा तेवढी उरली होती. मी मधे पडले. "काका, हिंदीतली चेष्टा! प्रयत्न म्हणतायत ते!"

काका मटकन बाकावर बसले. आतून काकूंचं कण्हणं ऐकू येत होतं आणि डॉक्टर उत्तराची वाट बघत उभे.

"वसू, खरं सांग. मला जमलं असतं का? एका दिवसाची शर्यत?"

मी लगेच म्हटलं, "जमलं असतं, काका."

ते उठले. "करो, डॉक्टर साहब. आज ही."

दार बंद झालं. मग ते जीवघेणं वाट बघणं. काका दाराला पाठ लावून उभे. बसेनात, पाणी घेईनात. आत काही खणकलं की माझ्याकडे बघायचे. मी सुचेल त्या देवाला नवस बोलून राहिले होते.

शेवटी डॉक्टर बाहेर आले. "बच गईं."

मला रडूच फुटलं. डोळे पुसत मी म्हटलं, "जिंकलात की हो, काका! एका दिवसाची!"

ते हसले नाहीत.

"दम तेव्हाही होता, वसू. पण एका दिवसाची शर्यत संपली, की संध्याकाळी जो तो आपापल्या घरी. माझे आईबाप लहानपणीच गेलेले, खोलीवर कोण होतं? टप्प्यांच्या शर्यतीत रोज कुठल्या तरी शाळेत ओळीनं झोपायचो. शेजारचा विचारायचा, पाय दुखून राहिले का रे?"

"मग त्या शर्यती सोडल्या काहून?"

"लग्न झालं न," दाराकडे बघत काका म्हणाले. "ही विचारायला लागली."