पंचावन्नची थरथर

"यंत्र कधी खोटं बोलत नाही, चैताली! खोटं बोलतो तो माणूस!"

हे वाक्य प्रज्ञेश दिवसातून किमान दोनदा बायकोला ऐकवायचा. वराळ्याच्या एका कारखान्यात तो क्वालिटी विभागात होता. केसाएवढा दोष असला तरी माल परत पाठवायचा, अशी त्याची ख्याती. घरीसुद्धा त्याने एकदा पोळीच्या गोलाईवर शेरा मारला होता. एकदाच! पुढचे चार दिवस त्याने पोळ्या स्वतः लाटल्या आणि तो विषय कायमचा बंद झाला.

तर अशा या सत्यवादी माणसाला आपल्या सख्ख्या बापापासून एक अपघात लपवायचा होता.

त्याचे वडील राजेंद्रभाऊ रेल्वेतून निवृत्त झालेले. गाडी आणि दात घासायचा ब्रश दुसऱ्याच्या हातात द्यायचा नसतो, हे त्यांचं तत्त्व. त्यांच्या वीस वर्षांच्या काळ्या मोटरसायकलला प्रज्ञेशने आजवर फक्त फडका मारला होता, किक कधीच मारली नव्हती. पण परवा आईला घेऊन लेकीकडे, अनघाकडे नाशिकला जाताना भाऊंनी चमत्कारच केला.

"नऊ दिसांनी येतो. आलो की गाडी तुझ्या नावावर करायची म्हणतोय. फकस्त तवर हात लावायचा न्हाई. बघू, दम निघतो का!"

दम निघाला. चांगला दोन दिवस निघाला!

तिसऱ्या दिवशी रविवार होता आणि हवा अशी सुंदर की घरात बसणं हाच गुन्हा. दोघं आतल्या खड्ड्यांच्या रस्त्याने, सावकाश लोहगडाकडे निघाले. चढावर गाडी दुसऱ्या गियरमध्ये कण्हत होती, म्हणून शेवटच्या वळणावर चैताली उतरून चालू लागली. शहाणी बाई! लोहगडवाडीत एका माकडाने पर्यटकाच्या हातातल्या कणसावर झडप घातली, प्रज्ञेश दचकला, ब्रेकऐवजी त्याने हॉर्न दाबला आणि गाडी थेट विठाबाईंच्या पिठलं-भाकरीच्या टपरीत घुसली.

वेग ताशी बारा किलोमीटर. आवाज मात्र मालगाडी घसरल्यासारखा!

"आरं डोळं फुटलं का काय तुजं?" विठाबाई भाकरीचं पीठ लागलेल्या हातांनीच बाहेर आल्या. "ताकाचा माठ फोडलास की माजा! जेवायला येताना गाडी भाईर लावत्यात, आत आणत न्हाईत!"

पुढचं चाक आठच्या आकड्यासारखं झालं होतं, दोन्ही शॉकअप वाकले होते आणि हेडलाइट गडाकडे बघत होता. प्रज्ञेशला सुदैवाने फक्त खरचटलं होतं.

"बाबांना आत्ताच फोन करून सांगून टाक," चैताली म्हणाली.

"वेडी आहेस का? गाडी जाईल ना हातातून!"

भाऊंचा मेकॅनिक तळेगावचा, म्हणून प्रज्ञेशने गाडी टेम्पोत घालून कामशेतला हमीदचाचांच्या गॅरेजवर नेली. चाचांनी नवी रिम बसवली, शॉकअप सरळ केले, हेडलाइट बदलला.

"स्पीडोमीटर पण बदलू का? काटा शून्यावरच झोपलाय."

"नाही, नाही! तो आधीपासूनच बंद आहे. चालू दिसला तर बाबा लगेच ओळखतील!" प्रज्ञेश म्हणाला, आणि स्वतःच्या हुशारीवर इतका खूश झाला की त्याने चाचांना चहा पाजला.

मंगळवारी गाडी ताब्यात आली. चैतालीच्या केसांच्या रबराने मोबाईल हँडलला बांधून, त्यावर वेग बघत प्रज्ञेश महामार्गावर निघाला. चाळीसला छान. पन्नासला झकास. पंचावन्न... थर्रर्रर्र! हँडल, हात, खांदे, दाढा, सगळंच थरथरायला लागलं! पन्नासवर आणली की शांत. पंचावन्नला पुन्हा थर्रर्रर्र!

"मेलो!" तो घरी येऊन म्हणाला. "बाबा हँडल धरताक्षणी ओळखतील. दुरुस्तीत काहीतरी राहिलंय. पण सोडतो की काय! दोष शोधणं हा माझा धंदा आहे!"

बुधवारी त्याने ऑफिसला फोन केला. "सर, अंगात कसकस आहे."

"अंगात नाही, हँडलमध्ये," चैताली पोळी उलटत म्हणाली. ते साहेबांनाही ऐकू गेलं.

मग जे सुरू झालं ते विचारू नका! भिंतीवर मोठा कागद लागला, 'थरथरीची संभाव्य कारणं', एकूण सत्तावीस. चाक काढलं, फिरवून बघितलं, एकेक स्पोक आवळला. टायर बदलला. बेअरिंग बदलली. हँडलखालचा कोन सेट बदलला. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही, आणि पोह्यांच्या डब्यात नट सापडायला लागले. थरथर मात्र जशीच्या तशी!

गुरुवारी त्याला मोजमापाची नवी पद्धत सुचली. मागे चैताली, तिच्या हातात काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला. किती पाणी सांडतं त्यावर थरथर मोजायची.

"किती सांडलं?" त्याने टाकव्याच्या रस्त्यावर ओरडून विचारलं.

"सगळं! माझ्या अंगावर!"

पाचव्या फेरीला शेतातून रखमाजी नावाचे एक आबा रस्त्यावर आले आणि हात आडवा करून त्यांनी गाडी थांबवली.

"पावणं, मगाधरनं बघतोय. ह्यो नवस हाय व्हय? फेडायचा तर बाईला कशाला भिजवता? सोता बसा की मागं!"

त्या रात्री चैतालीने पेल्याला हात लावायचं साफ नाकारलं.

शनिवार उजाडला, दुसऱ्या दिवशी आईबाबा येणार! प्रज्ञेश रडकुंडीला येऊन हमीदचाचांच्या पाया पडायचाच बाकी होता. चाचांनी शांतपणे गाडी महामार्गावर नेली. पंचावन्नला थरथर सुरू होताच त्यांनी क्लच दाबला आणि गाडी नुसती पळू दिली. थरथर गायब!

"चाक अजून फिरतंय, थरथर गेली. म्हणजे चाक बिचारं निर्दोष. दोष इंजिनकडे आहे."

चार दिवस आणि सत्तावीस कारणं! चाचांना एक मिनिट लागलं. इंजिनला चौकटीशी धरून ठेवणाऱ्या पुढच्या ब्रॅकेटला तडा होता.

"पण प्रज्ञेश, हे बघ, तड्यात गंज चढलाय. हा तुझा मार नाही. जुना आहे."

प्रज्ञेश ऐकतोय कशाला! तो गॅरेजसमोर नाचत होता. वेल्डिंग झालं, नवे बोल्ट बसले. पंचावन्न, साठ, पासष्ट... पेल्यातलं पाणी हललं नाही. (या वेळी पेला चाचांच्या हातात होता.) घरी येऊन त्याने कपाटाखालची धूळ काढून गाडीवर अलगद भुरभुरली. नऊ दिवसांची असते तितकीच. मोजून!

रविवारी भाऊंनी सामानही खाली ठेवलं नाही. गाडीभोवती दोन चकरा मारल्या, धुळीवर बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"शाब्बास रं! लय दम काढलास! चल यशोधरा, टाकव्याच्या विहारात जाऊन येऊ. आलो की कागद करून टाकतो!"

प्रज्ञेशने चैतालीकडे बघून कॉलर ताठ केली.

पाऊण तासाची फेरी. दोघं वीस मिनिटांत परत! भाऊंची टोपी गायब, चेहरा पांढराफटक. आई यशोधरा उतरली, तिचा अंबाडा सुटून पाठीवर आला होता आणि एक चप्पल नव्हती.

"प्रज्ञेश! गाडीला काय केलंस?"

"मी? काही नाही, बाबा!"

"मग थरथर कुटं गेली?"

प्रज्ञेशला वाटलं आपल्याला ऐकूच नीट येत नाही. "कसली थरथर?"

"आरं, मीटर बंद हाय गाडीचा! पंचावन्नला हँडल थरथरतं, तितं मी हात सैल सोडतो. हीच सवय! आज थरथर येईना म्हणून पिळत गेलो, पिळत गेलो! एसटी मागं टाकली! विहार कवा गेला कळलंच न्हाई!"

"तुमी वरडत व्हता, 'यशोधरा, आत्ता येईल, आत्ता येईल'!" आई धापा टाकत म्हणाली. "मला वाटलं विहारच म्हणताय!"

"म्हणजे," प्रज्ञेशच्या तोंडून निसटलं, "ती लोहगडवाडीच्या आधीपासूनच होती?"

चैतालीने डोळे मिटून घेतले.

"लोहगडवाडीला काय झालं?" भाऊंनी हळूच विचारलं.

मग काय! माकड, माठ, विठाबाई, सत्तावीस कारणं, कपाटाखालची धूळ, सगळं बाहेर पडलं. "मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, सांगून टाक," चैताली म्हणाली. भाऊंचा आवाज चढत गेला. "बापाला फशिवतोस? आरं, लपवायला लाज न्हाई वाटली?"

"एक मिनिट," आई म्हणाली. ती एका चपलेवर उभी होती, पण आवाज दोन्ही पाय रोवून आला होता. "थरथर पोरामुळं न्हवं, तर मुळात ती लागली कशी?"

भाऊ एकदम गाडीची धूळ झटकायला लागले.

"अवो, तुमाला इचारतेय."

"ते... बारा वर्सं झाली त्याला... पुलाजवळ एक म्हैस आडवी..."

"बारा वर्सं? म्हंजे तवा हात गळ्यात बांधून आला व्हता, ते जिन्यावरनं पडून न्हवं?" आईने हात पुढे केला. "किल्ली!"

भाऊंनी किल्ली दिली. आईने ती सरळ चैतालीच्या हातात ठेवली. "सूनबाई, कागद तुज्या नावावर. ह्या घरात खरं बोलणारी तेवढी तूच. चल, माजी चप्पल शोधून आणू!"

सासू-सून झुर्रकन निघून गेल्या. दारात बापलेक उरले.

"थरथर घालवायला किती दिस लागलं रं?" भाऊंनी विचारलं.

"चार."

"आणि परत आणायला?"

प्रज्ञेशने क्वालिटीच्या माणसासारखा नीट विचार केला.

"म्हैस मिळाली तर लगेच, बाबा."