तीन भट्ट्या आणि एक समुद्र

बायकोपासून एखादी गोष्ट लपवायची तर डोकं लागतं, आणि ते माझ्याकडे भरपूर आहे, असं मला कोकणात जाईपर्यंत वाटत होतं!

चौसाळ्याजवळचं आमचं गाव. मी तिथल्या दूध सोसायटीचा चेअरमन. सोसायटी म्हणजे एक खोली, चार कॅन आणि गळ्यात तुळशीमाळ घातलेला मी. त्या वर्षी पाऊस असा रुसला की कडबा बघायलाही मिळेना. आमची चंद्री म्हैस तर नुसती फासळ्यांची शिडी झाली होती. अशात सिदूचा, म्हणजे आमच्या थोरल्याचा, फोन आला. तो कोकणातल्या एका लहान गावात पर्यटकांची जीप चालवतो.

"बापू, हितं समुद्राकाठी बिअरच्या तीन लहान भट्ट्या निघाल्यात. लोक दिवसभर हिंडून सगळ्यांची चव घेतेत. जव उकडून रस काढला की चोथा उरतो, तो टाकून देतेत. म्हशी लई आवडीनं खातेत! तुमी या, मालकांशी बोला."

चोथा ठीक, पण अडचण घरात होती! माझी बायको छबुबाई गावच्या दारूबंदीची पुढारी. दुकान हवं तर उभी बाटली, नको तर आडवी, असं मतदान झालं तेव्हा तिनं घरोघर फिरून बाया गोळा केल्या, उभी बाटली पाडली, आडवी बाटली निवडून आणली आणि दारूच्या दुकानाला कुलूप ठोकलं. तिच्यापुढं बिअरचं नाव काढणं म्हणजे पेटत्या चुलीत रॉकेल ओतणं!

मी शक्कल लढवली. "पशुखाद्याचे कारखाने बघाया चाललोय. तू बी चल. समुद्र दाखवतो!"

तिचा चेहरा असा उजळला की मला माझीच लाज वाटली. उभ्या जन्मात मी तिला माजलगावच्या धरणापेक्षा मोठं पाणी दाखवलं नव्हतं.

छबुबाईला वाचता येत नाही, त्यामुळे पाट्यांची भीती नव्हती. भीती माझ्याच तोंडाची होती! अक्षरं मी पन्नाशीत शिकलो. तेव्हापासून दिसेल ती पाटी मोठ्यानं वाचायची खोड लागली आहे. पहिल्या भट्टीच्या दारातच सुरू झालो, "ताजी... थंड... बि—"

सिदूनं कचकन चिमटा काढला.

"बि काय?" छबुबाईनं विचारलं.

"बियाणं!"

"थंड बियाणं?" ती शांतपणे म्हणाली. "असंल बाबा. कोकणात काय बी असंल."

पहिला मालक चोथा द्यायला तयार झाला. मी खूश! दुसऱ्या भट्टीत डोक्यावर बुचडा बांधलेला मालक होता. चेअरमन आलेत म्हटल्यावर त्याला वाटलं, मोठं गिऱ्हाईक आलं! त्यानं माझ्यापुढं पाच लहान ग्लासांचं ताट ठेवलं. वर फेस!

"हे काय हाय वो?" छबुबाई.

"जनावराचं औषध. पोटाचं."

"काचंच्या गिलासात?"

"हिकडची जनावरं जरा शौकीन असतेत."

"मग चाखा की! चंद्रीला न चाखताच पाजणार व्हय?"

"आज माझी एकादशी हाय."

"ती काल झाली. गाडीत डझनभर केळी कुणी हाणली?"

"मग... दाढ दुखतीया."

"औषध चावून पितेत व्हय?"

सिदू हसू दाबायला टाकीमागं पळाला. मालक बिचारा कावराबावरा झाला. "आजोबा, आवडत नसेल तर आंब्याची देऊ का?"

"आंब्याचं औषध!" छबुबाईनं कपाळाला हात लावला. "नशीब काढलं बाई म्हशींनी!"

तिसऱ्या भट्टीत नमुना म्हणून चोथ्याचं एक ओलं पोतं मिळालं. जीपमध्ये ते सांडू नये म्हणून छबुबाईनं माझ्याच मांडीवर दिलं. पाणी ठिबकून धोतर भिजलं. तोवर ऊन कललं. सिदू म्हणाला, "बापू, तुमची ट्रॅव्हल्स सुटंल. आता थेट स्टॉपवर जाऊ."

"समुद्र पुढच्या वक्ताला बघू," मी म्हणालो.

आता छबुबाईची वीज पडणार म्हणून मी पोतं घट्ट धरलं. पण वीज पडली नाही. तिनं नुसता पदर सारखा केला आणि बाहेर बघत बसली. माडांच्या मागं एक निळी रेघ चमकली.

"त्योच व्हय?" तिनं हळूच विचारलं.

मी सिदूच्या खांद्यावर थाप मारली. "सिदू, जीप वळव!"

"गाडी चुकंल, बापू!"

"चुकू दे बे!"

पाण्यात उतरताना तिनं माझा हात धरला. चारचौघांत, पहिल्यांदाच! लाट पायांवरून गेली तशी ती लहान पोरीसारखी किंचाळली. मग ओंजळ भरून चव घेतली आणि थुंकली. "एवढं पाणी, आन् चंद्रीच्या एका घोटाचं न्हाई!"

मला राहवेना. "छबे, ते कारखाने पशुखाद्याचे न्हाईत."

"ठाव हाय. दारूच्या भट्ट्या हायत."

"कुणी सांगितलं?"

"गावातल्या भट्ट्या फोडाया तुमी गेलता का मी? तुमी पाट्या वाचता, मी वास वाचते."

"मग बोलली कावून न्हाई?"

"बोलले असते तर तुमी लाजून माघारी फिरला असता. चंद्री उपाशी, आन् मी बिनसमुद्राची!" मग तिला जे हसू फुटलं ते थांबेना. "आंब्याचं औषध म्हणं!"

गावातल्या बायांना दाखवायला तिला समुद्राचं पाणी हवं होतं. जीपमध्ये सापडली ती बिअरची रिकामी बाटली. तीच धुऊन भरली.

दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं निघालो. रात्रभरात पोतं आंबून टम्म फुगलं. गाडीतले लोक नाक दाबून पुढं सरकत गेले. चौसाळ्याच्या फाट्यावर दारूबंदी समितीच्या बाया समुद्राची हकिगत ऐकायला उभ्या! आणि गाडीतून उतरलो मी. माळकरी, दर्प मारतोय, हातात बाटली!

"छबुबाई!" त्यांतल्या वत्सलाबाईनं नाकाला पदर लावला. "चेअरमन बिघडला की गं!"

"समुद्र हाय त्यो! चाखून बघ!"

वत्सलाबाईनं देवाचं नाव घेऊन जिभेवर थेंब टेकवला. तोंड वाकडं केलं. मग तिचे डोळे भरून आले. "खरंच समुद्र हाय गं!" मग प्रत्येक बाईनं थेंबथेंब चाखला.

चंद्रीनं घमेलं चाटूनपुसून रिकामं केलं. बाटली आमच्या देवळीत आहे. साऱ्या गावात तेवढी एकच बाटली उभी राहिली, तीही पुढारीणबाईंच्या घरात!

सोसायटीनं चोथा आणायचा ठराव केला. पुढच्या अभ्यास दौऱ्याला समितीच्या सगळ्या बायांनी नावं दिली आहेत. चेअरमननं मात्र घरी राहून म्हशीची धार काढावी, असं एकमतानं ठरलं. ठराव वाचून दाखवायचा मान मला मिळाला. मोठ्यानं!