ट्रकदानाचा समारंभ व पुढील कार्यवाही

दान करायला दोन गोष्टी लागतात. मोठं मन, आणि घरात न मावणारी वस्तू. यांपैकी दुसरी माझ्या फाटकात कित्येक वर्षं उभी होती.

सदर वस्तू म्हणजे मागे दुहेरी चाकं असलेला दणकट पिकअप ट्रक. माझा फरशीचा धंदा होता तेव्हा या ट्रकने अर्ध्या शहराच्या फरश्या पोचवल्या (उरलेल्या वाटेत फुटल्या). पुढे धंदा बंद झाला, दुकान गेलं, पण ट्रकला गिऱ्हाईक मिळेना. भंगारवाल्याने त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि चहासुद्धा न घेता निघून गेला. बायको फाटकातून अंग चोरून ये-जा करायची. एकदा तिची नवी शाल बंपरला अडकून टर्रकन फाटली, आणि त्याच संध्याकाळी माझ्या मनात समाजाविषयी कळवळा उत्पन्न झाला.

मेकॅनिकला बोलावलं. त्याने बॉनेट उघडून बराच वेळ आत बघितलं आणि मग ते अलगद मिटलं, आजारी माणसाच्या खोलीचं दार लोटून घ्यावं तसं.

"ओळखीच्या माणसाला विकू नका," तो म्हणाला.

विकत नाही, दान करतोय, असं सांगितल्यावर त्याचा चेहरा खुलला. वाहन चालू स्थितीत असल्याचा दाखला त्याने उभ्या उभ्या लिहून दिला. (उतारावर ते खरोखरच चालू स्थितीत असे.)

शहराच्या टोकाला निराधार वृद्धांचं एक निवासगृह आहे. तिथल्या अधीक्षिकाबाईंना फोन केला. बाई मऊ बोलणाऱ्या. त्यांनी आधी आभार मानले आणि मग चाचरत विचारलं, की ट्रकऐवजी कपडे धुण्याचं मशीन देता आलं तर? अंथरुणाला खिळलेल्यांच्या चादरी रोज धुवाव्या लागतात, धुणारी मावशी एकटीच, तिच्या हाताची सालटी निघाली आहेत. मी त्यांना शांतपणे समजावलं. मशीन माझ्याकडे आहे, पण ते चालतं. चालणारी वस्तू देऊन टाकली तर आपण वापरायचं काय? शिवाय मशीनवर नाव रंगवायला जागा किती असणार? बाई म्हणाल्या, बरं.

हस्तांतरणाचा समारंभ थाटात झाला. ट्रकच्या दोन्ही दारांवर माझं नाव, मागच्या फळीवर पुन्हा माझं नाव आणि हुद्दा (माजी व्यापारी). संस्थेचं नाव जागेअभावी डिझेलच्या टाकीवर घ्यावं लागलं. वृद्धांना खुर्च्यांवर आणून बसवलं होतं. मी त्यागाविषयी बोललो, तेव्हा त्यांच्यातले काही जण जागे होते. फीत कापली, किल्ली दिली, फोटो निघाला. ट्रक सुरू झाला नाही, पण फोटोत ते कळत नाही.

त्यानंतर मी दर रविवारी ट्रकची विचारपूस करायला जाऊ लागलो. तो अंगणाच्या मधोमध उभा असे. तिथेच काय ते ऊन यायचं, त्यामुळे आता खुर्च्या आणि चादरी दोन्ही सावलीत आल्या होत्या. सावली मिळाली म्हणून मी वृद्धांचं अभिनंदन केलं. थंडीचे दिवस होते. त्यांनी शालीतूनच माना हलवल्या. धुण्याची एक दोरी ट्रकच्या आरशाला बांधलेली दिसली. आरसा वाकेल म्हणून मी ती सोडायला लावली.

मशीनसाठी बाईंनी थोडं थोडं करून जे साठवलं होतं ते बॅटरीत गेलं, मग क्लचमध्ये. एकदाचा ट्रक मंडईपर्यंत गेला आणि तिथून ओढत आणावा लागला. संस्थेत वस्तूंची निगा राखली जात नाही, हे माझं मत मी बाईंना ऐकवलं. बाई म्हणाल्या, बरं.

मग एका सकाळी फाटकाशी क्रेन येऊन थांबली. मागे टांगलेला ट्रक, पुढे ड्रायव्हरशेजारी अधीक्षिकाबाई. त्या उतरल्या आणि त्यांनी किल्ली माझ्यापुढे धरली.

"साहेब, रागावू नका. लोकांनी टाकून दिलेली माणसं सांभाळतो आम्ही. त्यांनाच जागा पुरत नाही."

दान परत घेण्याची तरतूद नाही, असं काहीतरी मी सुरू केलं. ते पुरं झालं नाही, कारण बायको माझ्यामागे येऊन उभी होती. तिने क्रेनवाल्याला जरा थांबायला सांगितलं, आत गेली, आमच्या मशीनचा प्लग काढला, नळाची नळी सोडवली. आत भिजत पडलेले कपडे तिने बादलीत काढले आणि ती बादली माझ्या हातात दिली.

"अगं, पण ते चालतंय," मी म्हणालो.

"म्हणूनच," ती म्हणाली.

मशीन उचलायला एक माणूस कमी पडत होता. बादली खाली ठेवून तो मी झालो.

त्या दिवसापासून घरातले कपडे मी धुतो. आपण धुणार नाही असं बायको म्हणाली नाही. मीच विचारलं नाही. आभाराचं पत्र आलं ते तिच्या नावाने.

मध्यंतरी एकदा सहज तिकडे गेलो. मशीन कोपऱ्यात घरघरत होतं, त्यावर कुणाचंच नाव नव्हतं. अंगणात ऊन होतं, खुर्च्या उन्हात होत्या, आणि कधी नव्हे ती मावशी स्वतःही बसली होती. तिने माझ्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाली, "रात्री तेल लावत जा, दादा. भेगा भरतात." मला उगाचच भरून आलं. मी विषय बदलून हवेबद्दल बोललो.

असो. आतापर्यंत तुम्ही माझ्यावर हसलात, ते योग्यच होतं. आता एक विचारतो, उत्तर मनातल्या मनात दिलंत तरी चालेल. गरजूंसाठी म्हणून मागे जी कपड्यांची पिशवी बांधून दिलीत, तिच्यातला एखादा सदरा अंगात घालून तुम्ही कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत तरी गेला असतात का?

उत्तर 'नाही' असेल, तर पुढची पिशवी थेट माझ्याकडे आणून द्या. ट्रक फाटकातच आहे, आणि मागे तुम्हा सगळ्यांना पुरेल एवढी जागा आहे.